पहिल्या विद्यार्थिनी : प्रवेशापासून प्रतिकारापर्यंत

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु त्याच्या पदवी परीक्षा स्त्रियांना खुल्या होण्यास १८८३ साल उजाडावे लागले. या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांमध्ये त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर बंद करण्यापर्यंत काही सहाध्यायांची मजल गेली. अंतिम परीक्षेतील यशामुळे इंग्लंडमधील शिक्षणासाठी त्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र होत्या. केवळ स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या साहाय्याने १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पदवी मात्र १९२२ मध्ये हाती पडली. कारण ऑक्सफर्डनेही १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्या दिल्या नव्हत्या.

वऱ्हाडातील मुलींपुढे अंतराचीही अडचण होती. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ मध्ये सुरू झाले; तोवर उच्च शिक्षणासाठी प्रांताबाहेर जाणे भाग होते. अमरावतीत १९०४ मध्ये जन्मलेल्या कुसुम जयवंत पुण्याच्या हुजूरपागेत आणि नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या. तेथेच अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. लंडनची पदवी घेऊन परतलेल्या कुसुमावती देशपांडे यांनी नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केले. ग्वाल्हेरच्या १९६१ च्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

पुढच्या पिढीने महाविद्यालयाच्या आवारातून चळवळीत उडी घेतली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींच्या अटकेचा निषेध करणाऱ्या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांमध्ये अहिल्या रणदिवे (पुढे रांगणेकर) अग्रभागी होत्या. येरवडा तुरुंगात त्यांनी व सहकारी मुलींनी रंगीत साड्यांपासून तिरंगा तयार केला आणि मानवी मनोरा रचून तो भिंतीवर फडकविला. १९७७ मध्ये त्या मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

सोराबजींचा सारा लढा वर्गातील स्वतःच्या जागेसाठी होता. ती जागा पक्की झाल्यावरच अहिल्याबाईंच्या पिढीला देशासाठी वर्ग सोडून रस्त्यावर येता आले. वर्गातील मूक उपस्थिती हाच पहिल्या विद्यार्थिनींचा सत्याग्रह होता, हे विद्यार्थी चळवळीचा इतिहास सांगताना विसरता येणार नाही.