अंगणाचे मैदान : महामारीच्या काळात मुलांचा खेळ आणि व्यायाम

बेळगावहून गोव्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर, खानापूर आणि लोंढा यांच्या मध्ये गुंजी हे लहानसे स्थानक लागते. सभोवती भातशेती, पलीकडे घाटाचे जंगल. अशा गावात मोकळ्या जागेची वाण नसते. त्यामुळे महामारीत मुलांची हालचाल खुंटणे हा शहरातील सदनिकांचा प्रश्न आहे, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. खेड्यातील मुलाची हालचालही बऱ्याच अंशी शाळेभोवती गुंफलेली असते. शाळेपर्यंतची पायपीट, प्रार्थनेआधीची पळापळ, मधल्या सुटीतला खो-खो आणि आठवड्यातील कवायतीचे तास हे सारे शाळेला कुलूप लागताच एका दिवसात नाहीसे होते. मैदान जागेवर राहते, पण मुलांना तेथे ठरल्या वेळी एकत्र आणणारी घंटा वाजेनाशी होते.

करोनाच्या साथीत कर्नाटकातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक वस्तीवर, देवळांच्या आवारात, झाडांखाली शिकवू लागले. मात्र संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती स्थगित झाली. दहावी आणि बारावीचे वर्ग १ जानेवारी २०२१ रोजी उघडले, पण दुसऱ्या लाटेत पुन्हा थांबले. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळेचे दार २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे सुमारे १९ महिन्यांनी. २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल शाळेच्या पटांगणात नियमित न खेळताच दुसरीत गेले.

याची किंमत केवळ वाढलेल्या वजनात मोजता येत नाही. उड्या मारणे, धावणे, चढणे यांतून हाडांवर जो भार पडतो, त्याने ती भक्कम होतात, आणि ही जमवाजमव मुख्यतः किशोरवयातच होते. दृष्टीचेही तसेच आहे. चीनच्या शान्तोंग प्रांतातील फेइचेंग येथे शाळकरी मुलांच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी होत असे. तेथील सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधीही ५.७ टक्क्यांपुढे गेले नव्हते. घरबंदीनंतर, २०२० मध्ये, ते २१.५ टक्क्यांवर पोहोचले. उजेडात, घराबाहेर घालवलेला वेळ डोळ्यांचे रक्षण करतो, हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होते.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस तीत दम लागेल असा आणि स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. ही ६० मिनिटे सलगच हवीत असे नाही. सकाळी वीस, दुपारी दहा, सायंकाळी तीस अशी विभागणीही चालते. मध्यम हालचाल ओळखण्याची खूण सोपी आहे. त्या वेळी बोलता येते, गाता येत नाही.

मुलांना बाहेर सोडावे की नाही, हा पालकांचा खरा पेच होता. त्याचे उत्तर रोग कसा पसरतो यावर अवलंबून असते. मुंबईत १८९६ मध्ये शिरलेला प्लेग पुढील काही वर्षांत बेळगाव-धारवाडकडे पसरला, तेव्हा लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. उंदीर घरात मरत असल्याने धोका घरात होता. करोनाच्या वेळी नेमके उलट झाले आणि माणसे दारे लावून बसली. प्रारंभीच्या कडक टाळेबंदीत दुसरा मार्गही नव्हता. परंतु हवेतून पसरणारा हा विषाणू गर्दीच्या, कोंदट खोलीत अधिक फैलावतो आणि उघड्यावर विरळ होतो. म्हणून निर्बंध सैल झाल्यावर चार मुले अंगणात अंतर राखून खेळण्यापेक्षा दहा जणांनी एका खोलीत दूरदर्शन संचासमोर बसणे अधिक जोखमीचे होते. ही गोष्ट अनेक घरांच्या लक्षात उशिरा आली.

खेळाची निवडही याच हिशोबाने करावी लागते. कबड्डीत अंगाला अंग भिडते, श्वासाला श्वास लागतो. साथीत ती बाजूला ठेवणेच बरे. फुगडीत हातात हात येतात. लंगडी आणि खो-खो यांत स्पर्श क्षणिक असला तरी एकाच घरातील किंवा ठरलेल्या शेजारच्या मुलांपुरतेच ते ठेवावेत. याउलट दोरीच्या उड्या, विटीदांडू, जमिनीवर आखलेल्या घरांतील ठिकरी, चेंडू भिंतीवर मारून झेलणे, सायकल चालवणे यांत अंतर आपोआप राखले जाते. विटीदांडूत मात्र बघ्यांनी मागे उभे राहावे; विटी डोळ्याला लागण्याचा धोका साथीइतकाच खरा असतो. जोरकस खेळताना मुखपट्टी बांधू नये, अंतर राखावे, असाच आरोग्य संघटनेचाही सल्ला होता.

खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर अंगणही हाती राहत नाही. मुसळधार पावसात पडवी किंवा सोपा हेच मैदान. तेथे सूर्यनमस्कारासारखा दुसरा सोपा व्यायाम नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत त्याचा हिरिरीने प्रसार केला, त्यामागे हेच गणित होते. एका सतरंजीएवढी जागा पुरते आणि साहित्याचा खर्च शून्य. संथ लयीत बारा नमस्कारांना साधारण पाच मिनिटे लागतात. जोर, बैठका आणि जागच्या जागी धावणे जोडले की अर्धा तास भरतो. खिडकी मात्र उघडी हवी.

शेतातील कामाबद्दल थोडे वेगळे बोलणे भाग आहे. ‘आमची मुले रोपलावणीला येतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला,’ हा प्रश्न रास्त वाटतो. चिखलात वाकून रोपे लावणे हे कष्टाचे काम आहे, यात शंका नाही. पण ते काही आठवड्यांपुरते असते, आणि त्यात धावणे, उडी, नेम, तोल किंवा सवंगड्याशी चढाओढ नसते. काम हे खेळाच्या जागी धरले की सर्वाधिक तोटा मुलींचा होतो. महामारीच्या आधीच, २०१६ च्या आकड्यांनुसार, जगातील ११ ते १७ वयोगटातील ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नव्हत्या. शाळा बंद झाल्यावर वयात आलेल्या मुलीच्या वाट्याला पाणी, भांडी आणि धाकटी भावंडे येतात, तर भावाच्या हाती सायकल येते. मुलीसाठी सायंकाळचा अर्धा तास घरातील मोठ्या माणसाने बोलून राखून ठेवला, तरच तो उरतो.

ऑनलाइन वर्गांमुळे भ्रमणध्वनी टाळता येत नाही. प्रत्येक तासिकेनंतर उठून चार-पाच मिनिटे चालणे मात्र जमते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढील मुलांना ८ ते १० तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत पडदा पाहणारे मूल सकाळी खेळायला उठत नाही.

आजारातून उठलेल्या मुलाला लगेच धावायला लावू नये. ताप गेल्यावर, दैनंदिन कामे दम न लागता होऊ लागल्यावर, प्रथम चालणे, मग हलका खेळ, शेवटी स्पर्धा असा क्रम ठेवावा. खेळताना छातीत दुखणे, धडधड, घेरी किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागल्यास खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. विषाणुजन्य आजारानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेत श्रम घातक ठरतात.