शिंदखेड्याच्या एस. टी. ची फेरजुळणी

धुळे जिल्ह्यांतील शिंदखेडा हें बुराई नदीकांठचें तालुक्याचें गांव. इंग्रजी अमदानींत हा तालुका विरदेल या नांवानें ओळखला जाई. कचेरी मात्र शिंदखेड्यासच होती. सुरत-भुसावळ लोहमार्ग या गांवावरून जातो, आणि पोटापाण्यासाठीं सुरत गांठणारा खानदेशी माणूस याच मार्गानें ये-जा करीत आला आहे. परंतु जेथें रेल्वे पोहोंचत नाहीं अशा खेड्यांचा शाळेशीं, कचेरीशीं, दोंडाईच्याच्या बाजाराशीं व धुळ्याच्या दवाखान्याशीं असलेला संबंध एस. टी. च्या फेरीवर अवलंबून असतो. ही फेरी २०२० पासून दोन वर्षांच्या अवधींत दोन वेळां तुटली. दोन्ही वेळां गाड्या आगारांत उभ्याच होत्या. दुसऱ्या वेळीं प्रश्न पडला तो माणसांचा.

वाहतूक मोडल्यावर ती पुन्हां उभी करण्याचा प्रसंग या मुलखावर पूर्वींही आला होता. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि कित्येक मोटारवाल्यांनीं गाडीला कोळशाच्या वायूची भट्टी जोडून दिवस काढले. युद्ध सरल्यावर वाहतूक सरकारनें हातीं घेतली. १ जून १९४८ रोजीं अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, पुण्यास पहिली गाडी सुटली. तिचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे यांचीं नांवें अजून आवर्जून सांगितलीं जातात. इतर कोणत्या सरकारी खात्यानें आपल्या पहिल्या दोन नोकरांची आठवण अशी जपली असेल, कोण जाणे! बेडफर्डच्या ३६ गाड्यांनीं आरंभलेला हा व्याप वाढत वाढत राज्यभर सुमारें २५० आगारें आणि ९० हजारांहून अधिक नोकर येथवर पोंचला. धुळे विभागांतील शिंदखेडा व दोंडाईचा हीं आगारें त्यांपैकींच होत.

मार्च २०२० मध्यें करोनाची टाळेबंदी आली आणि चाकें थांबलीं. मे महिन्यांत याच गाड्यांनीं पायीं निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सरहद्दीपर्यंत फुकट पोंचविलें. चार पैसे मिळावेत म्हणून जुन्या गाड्यांचीं आसनें काढून त्यांतून मालाची ने-आणही सुरू झाली. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या गाड्या २० ऑगस्ट २०२० रोजीं पुन्हां धांवूं लागल्या. पण ज्या संस्थेच्या गाड्यांतून पूर्वीं रोज सुमारें ६५ लाख माणसें प्रवास करीत, तिच्या गाड्या आतां अर्ध्यामुर्ध्या भरत होत्या. नोकरांचे पगार थकले. नोव्हेंबरांत शासनानें १ हजार कोटी रुपयांचें साहाय्य जाहीर केलें, तेव्हां कोठें थोडी ऊब आली. त्यापूर्वीं जुलैमध्यें, २०१९ च्या भरतींतून आलेल्या चालक-वाहकांची सेवा व प्रशिक्षण स्थगित करण्याचा आदेश निघाला होता. पुढें तो मागें घेण्यांत आला. परंतु संकटाची कुऱ्हाड शेवटीं आलेल्यावर आधीं पडते, हें त्या पोरांनीं पाहून घेतलें.

यानंतर आलेला संप अधिक लांबला. ग्रामीण भागांतील पांचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, नोकरांनीं काम थांबविलें. महामंडळाचें शासनांत विलीनीकरण करावें, ही त्यांची मुख्य मागणी. कर्जानें गांजलेल्या कित्येक नोकरांनीं त्या दिवसांत आत्महत्या केल्या; तेव्हां हा केवळ हट्ट होता असें म्हणतां येत नाहीं. पण फटका बसला तो खेड्यालाच. अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें गांवोगांवच्या मुलींना एस. टी. चा फुकट पास मिळतो, आणि तो पास काळ्या-पिवळ्या जीपगाडींत चालत नाहीं. शासनानें नोव्हेंबरांत खासगी बसगाड्यांना टप्प्याची वाहतूक करण्याची मुभा दिली. ज्या घरीं रोज दोन वेळचें भाडें देण्याची ऐपत नव्हती, त्या घरच्या मुलीला त्या मुभेचा उपयोग काय होणार?

आतां माणसें जमवावयाचीं होतीं. महामंडळानें निवृत्त चालकांना हांक दिली, कार्यशाळेंतील कामगारांच्या हातीं सुकाणूचक्र दिलें, वाहतूक-नियंत्रकांना वाहकाचें काम सांगितलें, आणि खासगी संस्थांमार्फत कंत्राटी चालक नेमले. अशा भरतीनें मोठ्या मार्गावरच्या गाड्या निघतात. मुक्कामी गाडीचें तसें नसतें. ती संध्याकाळीं खेड्यांत जाते, चालक व वाहक तेथेंच रात्र काढतात आणि पहांटे विद्यार्थी, दूधवाले, आजारी माणसें यांना घेऊन निघतात. कोणत्या फाट्यावर म्हातारी उभी असते, पावसाळ्यांत कोणत्या नाल्याला पाणी येतें, हें ज्याला ठाऊक त्यानेंच ती चालवावी.

दरम्यान २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं शासनानें मूळ पगारांत सेवेच्या वर्षांनुसार अडीच ते पांच हजार रुपयांची वाढ जाहीर केली होती. विलीनीकरणाची मागणी त्रिसदस्य समितीनें अमान्य ठरविली. अखेर ७ एप्रिल २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्याची मुदत दिली. हजारों बडतर्फ नोकर परत घेण्यांत आले, आणि कंत्राटी चालकांचें काम त्याच वर्षीं संपुष्टांत आलें.

प्रवासीही परतले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस फुकट, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्यांत प्रवास मिळूं लागला; शिंदखेड्याहून दोंडाईच्याच्या बाजारास निघालेल्या बाईच्या हातीं तेवढे पैसे उरूं लागले. गर्दी वाढली तशी चालकांची चणचण पुन्हां जाणवूं लागली. सप्टेंबर २०२५ मध्यें महामंडळासाठीं १७,४५० चालक व सहायक भरण्याची घोषणा झाली. ही भरतीही कंत्राटी असून तिची मुदत तीन वर्षांची ठेवण्यांत आली.