मावशीचं मंगळसूत्र आणि माझी पांढरी अंगठी



लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलाने मला अंगठी दिली. मी मुलुंडभर "प्लॅटिनमची" म्हणून मिरवली. परवा साफ करायला नेली, तर सोनार म्हणाला, "काकू, आत ७५० चा शिक्का आहे. हे पांढरं सोनं, अठरा कॅरेट." बिलावरही तेच होतं. बी. कॉम. झालेल्या मीच ते वाचलं नव्हतं!

मावशी आठवली. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला बंदी आली, कितीतरी सुवर्णकारांचा धंदा बसला. मावशीचं लग्न त्याच सुमाराचं. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र म्हणून "निम्मं तांबं" हे टोमणे तिने जन्मभर ऐकले. कॅरेटची अट पुढे गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तो रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते आपले मधु दंडवते.

प्लॅटिनम तेव्हा आपल्या घरांत नव्हतं, राजेरजवाड्यांकडे होतं. पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तिएने १९२८ मध्ये केलेला हार प्लॅटिनमचा, त्यात २,९३० हिरे. चांदी काळी पडते, पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरते. प्लॅटिनमचं तसं होत नाही. पण सोनं १,०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला. साध्या भट्टीचं ते काम नव्हे.

पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळतात आणि वर बहुधा रोडियमचा मुलामा देतात. पॅलेडियम, रोडियम ही प्लॅटिनमचीच भावंडं. मुलामा झिजला की पिवळसरपणा दिसतो. माझ्या अंगठीचं तेच झालं होतं. खऱ्या प्लॅटिनमवर बहुतेक 'पीटी ९५०' असतं, म्हणजे हजारात ९५० भाग शुद्ध. तेव्हा शिक्का पाहा, बिल वाचा, मोडीचा भाव आधी विचारा.

माझी अडचण वेगळीच होती. परिग्रह-परिमाणाच्या वहीत मी अंगठी सोन्याबाहेर धरली होती. आता सोन्यात लिहिली, तर मर्यादा तीन ग्रॅमने ओलांडली. रात्री झोप लागली नाही. सकाळी कानातली काढून मावशीच्या नातीला दिली.

ती म्हणाली, "मावशीआजी, आता चौदा कॅरेटचीच फॅशन आहे."

मावशी हे ऐकायला हवी होती.