कागदावर नसलेलं नाटक

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्या नाटकात नटांना पाठ करायला संवाद नव्हते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा आणि नट आपापलं गद्य बोलणं जागच्या जागी रचायचे. पदं भाव्यांची, बोलणं नटांचं. आधी लिहिलेली संहिता न घेता तालमीत सगळ्यांनी मिळून रचलेल्या नाटकाला आज आपण ‘डिव्हाइज्ड’ म्हणतो. हे त्याच्या बरंच जवळचं होतं. कॉलेजच्या मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. त्यांना वाटत असतं, ही पद्धत थेट युरोपातून आली.

मग नाटकात पुस्तक कधी आलं? १८६१ साली वि. ज. कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. लिहिलेल्या, पाठ करून म्हणायच्या अशा नाटकांना तेव्हा ‘बुकिश’ म्हणत. शेक्सपिअर आणि कालिदास शिकलेल्या पिढीला राक्षसांच्या आरडाओरड्यापेक्षा वेगळं काही हवं होतं, आणि ते तिला मिळालंही. भाषा आली, गुंतागुंतीची माणसं आली. पुढचं सगळं मराठी नाटक याच लिहिण्यावर उभं आहे, त्यामुळे बुकिश मंडळींना नावं ठेवायचा प्रश्न नाही.

पण कागद रंगमंचावर आला, आणि तो पुढे सरकारच्या टेबलावरही गेला. कलकत्त्यातल्या राजकीय नाटकांनी हैराण झालेल्या इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोग कायदा केला. त्याने प्रयोगावर बंदी घालण्याचा आणि नाटकाची माहिती मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. केंद्राने हा कायदा रद्द केला तो थेट २०१८ मध्ये. महाराष्ट्रात मात्र १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमांनी संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत सुरू राहिली. परिनिरीक्षण मंडळ हे तिचं अधिकृत नाव, बोलण्यात सगळे ‘सेन्सॉर’च म्हणतात. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वतपासणीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली.

ज्यांनी आपल्याला हा कायदा दिला, त्यांच्या घरीही असाच प्रकार होता. ब्रिटनमध्ये लॉर्ड चेंबरलेन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने संहिता मंजूर केल्याशिवाय सार्वजनिक प्रयोग होत नसे. लंडनमध्ये जोन लिटलवुड ही दिग्दर्शिका ‘थिएटर वर्कशॉप’ चालवायची. तिचे नट तालमीतच काय, प्रयोगातही नवं बोलायचे. १९५८ साली तिच्या संचावर खटला झाला आणि दंडही झाला. आरोप असा की नटांनी मंजूर संहितेत नसलेले शब्द उच्चारले. ही पूर्वतपासणी १९६८ मध्ये संपली, आणि त्यानंतर तिथे तालमीत रचलेल्या नाटकाला खरी मोकळीक मिळाली.

एडिंबरामध्ये १९४७ साली मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रणाशिवाय पोचल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून आल्या. ‘फ्रिंज’ म्हणजे कडेचा महोत्सव, तो यातून उभा राहिला. कुणी निवड करायची नाही, जागा मिळेल त्याने प्रयोग करायचा, हे तत्त्व तिथे आजही आहे. विद्यार्थ्यांच्या संचांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. टॉम स्टॉपर्डचं ‘रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ पहिल्यांदा १९६६ मध्ये तिथेच झालं, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांकडून.

आपल्याकडे कडेची जागा कॉलेजांनी तयार केली, आणि ती स्पर्धेच्या रूपात. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला. भरत नाट्य मंदिर, घोषणा देऊन बसलेले घसे, आणि त्याआधी कुठल्या तरी वर्गात बाक भिंतीला लावून केलेल्या महिनाभराच्या तालमी. ही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

पुण्याच्या याच हौशी वातावरणातून जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर पुढे आले. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरातच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. शब्द विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. ओळीने उभ्या ब्राह्मणांची ती माणसांची भिंत डुलते, वळते, मागचं लपवते आणि दाखवते. पुस्तक वाचून ती कशी डुलते ते कळत नाही. ते त्या नटांच्या अंगात होतं.

नाटक ‘बसवणं’ हा आपला शब्द मला म्हणूनच आवडतो. चाल गळ्यावर बसते, हात कामावर बसतो, तसं नाटक अंगावर बसतं. मी गेली काही वर्षं कॉलेजच्या एकांकिका आणि छोट्या महोत्सवांतली नाटकं बसवते. एका वर्षी आमच्याकडे अठरा मुलं होती, संहिता नव्हती, विषय होता पाणी. प्रत्येकाने घरून एक गोष्ट आणायची, पाहिलेली किंवा ऐकलेली. एका मुलाने टँकर आल्यावर गल्लीत पडणाऱ्या पाइपांचा गुंता करून दाखवला. एका मुलीने आजीची सवय आणली. हंडा भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो, तो ऐकून आजी न बघता नळ बंद करते. पाच जणांनी तो आवाज तोंडाने काढला, चढवत नेला, आणि आम्हाला प्रवेशाचा शेवट मिळाला.

यात दिग्दर्शकाचं काम कमी होत नाही. पन्नास तुकड्यांतले नऊ ठेवायचे, त्यांचा क्रम लावायचा आणि ज्याचा आवडता तुकडा गेला त्याला समोर बसवून ते सांगायचं. लिहिलेलं नाटक बसवताना भांडण लेखकाशी असतं आणि तो बहुधा तिथे नसतो. इथे अठरा लेखक रोज संध्याकाळी समोर असतात.

मग अर्ज भरायची वेळ येते. संहिता मंजुरीला पाठवायची म्हणून रात्री बसून नाटक उतरवून काढावं लागतं. हंड्याचा तो प्रवेश कागदावर दोन शब्दांचा झाला: ‘हंडा भरतो.’ अर्जात ‘लेखक’ या शब्दापुढे एकच ओळ होती. गटाचं नाव चालेल का, असं आम्ही विचारलं. चालणार नाही, असं उत्तर आलं. ज्याने टाइप केलं त्याचं नाव गेलं. पुढे लेखनाचं बक्षीस मिळालं, तोच मुलगा अवघडून मंचावर गेला आणि आजीचा हंडा आणणारी मुलगी विंगेत टाळ्या वाजवत होती.

आयोजकांना दोष देऊन हे संपत नाही. कागदालाच पुरावा मानायची सवय दीडशे वर्षांची आहे, आणि कॉलेजच्या नाटकात माणसं दर तीन वर्षांनी बदलतात. करंडकावर कॉलेजचं नाव उरतं. नाटक कुणी कसं रचलं ते उरत नाही. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरू करते, आणि एखादी खूण दुसऱ्या कुणाच्या व्यावसायिक नाटकात दिसली तर ‘हे आमचं’ म्हणायला हातात काही नसतं.

पुरुषोत्तम सुरू झाला त्याच वर्षी, १९६३ मध्ये, लिटलवुडच्या संचाने ‘ओह व्हॉट अ लव्हली वॉर’ केलं. पहिल्या महायुद्धातली गाणी, नोंदी आणि नटांच्या तालमीतून ते उभं राहिलं. ते पुस्तकरूपात आलं तेव्हा श्रेयात थिएटर वर्कशॉपबरोबर मूळ संचातल्या नटांचाही उल्लेख झाला. म्हणजे कागदालाही हे सांगता येतं, आपण सांगितलं तर.

आमच्या तालमीत आता एक दोनशे पानी वही असते. तारीख, कोण आलं होतं, कुणी काय आणलं, काय ठेवलं, काय काढलं आणि का. रोज एक जण लिहितो. मोबाइलवरचा व्हिडिओ प्रयोग दाखवतो, हंडा कुणाच्या आजीचा ते दाखवत नाही. तुम्ही या वर्षी एकांकिका करत असाल तर पहिल्याच दिवशी अशी वही घ्या आणि श्रेयनामावलीत रचनाकार म्हणून सगळ्यांची नावं अकारविल्हे लावा. अर्जावरची ओळ बदलेपर्यंत, ते नाटक कुणाचं होतं हे त्या वहीतून तरी कळेल.