दहावा हिस्सा कोणाचा?

खानदेशला दहाव्या हिश्शाची ओळख जुनी आहे. १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्या सनदांत दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. त्या सहा सुभ्यांत आपला खानदेशही होता. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. दहावा हिस्सा मागणारा माणूस बहुधा घोड्यावरून येतो, असाच आपल्या पूर्वजांचा अनुभव.

आज मी बोलणार आहे तो दहावा हिस्सा मात्र घोड्यावरून येत नाही. तो रविवारी सकाळी देवळात, म्हणजे ख्रिस्ती बांधव ज्याला देऊळ म्हणतात त्या चर्चमध्ये, लिफाफ्यात घालून दिला जातो. त्याला ते दशमांश म्हणतात. माझ्या परिचयाचे एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक आहेत. त्यांनी मला एकदा विचारले, “दशमांश पेन्शनच्या पूर्ण रकमेवर काढायचा की कापून हातात पडते त्यावर? आणि खरे सांगा, तो द्यायलाच हवा असे कुठे लिहिले आहे का?” गुरुजींची पेन्शन मोठी नाही, औषधांचा खर्च मोठा आहे. दशमांश न देणारा देवाची चोरी करतो, असे त्यांनी एका प्रवचनात ऐकले होते. आयुष्यभर कुणाच्या पैशालाही हात न लावलेल्या माणसाला तो शब्द लागला होता.

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न पाळकाला विचारावा, मुसलमान कवीला कशाला? पण आमच्याकडेही दहावा हिस्सा आहे. शेतीच्या उत्पन्नावर ‘उश्र’ द्यायचा असतो, आणि उश्र या अरबी शब्दाचा अर्थच दहावा भाग. त्यात एक शहाणपणाची सवलत आहे. पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, विहिरीचे पाणी शेंदून पिकवले तर विसावा. म्हणजे कोरडवाहू कपाशीचा हिशेब वेगळा आणि यावल-रावेरकडच्या विहिरीवरच्या केळीचा वेगळा. हिंदुस्थानातल्या जमिनीला उश्र लागू आहे की नाही, यावर आमच्या उलेमांतही मतभेद आहेत. तेव्हा “आज हे बंधनकारक आहे का?” हा प्रश्न गुरुजींच्या एकट्याच्या घरचा नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बायबलच्या जुन्या करारात दशमांशाचा नियम स्पष्ट आहे. इस्राएलाच्या बारा वंशांना जमीन वाटून मिळाली, पण लेवी वंशाला वाटणीची जमीन मिळाली नाही. त्यांचे काम मंदिराची सेवा. म्हणून बाकीच्यांनी आपल्या पिकाचा आणि गुराढोरांचा दहावा भाग लेव्यांना द्यायचा. मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्या गावगाड्यात गुरव, जोशी, कुंभार, न्हावी आणि कित्येक गावांत मुलाणीही खळ्यावरून धान्य नेत. त्याला आपण बलुते म्हणतो. दशमांश हे लेव्याचे बलुते होते. ती भीक नव्हती आणि खंडणीही नव्हती. सेवा करणाऱ्या, पण जमीन नसणाऱ्या माणसाचा तो हक्क होता.

त्या नियमाचे बारकावेही पाहण्यासारखे आहेत. कळप मोजताना काठीखालून जाणारे प्रत्येक दहावे जनावर देवाचे. म्हणजे ज्याच्याकडे नऊच बकऱ्या, त्याचे काही जात नाही. नियमात नावे येतात ती धान्याची, द्राक्षरसाची, तेलाची, फळांची आणि जनावरांची. मजुरीचा उल्लेख नाही. सुताराची मजुरी आणि कोळ्याची जाळी त्या यादीत दिसत नाहीत. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि तो लेव्याबरोबर परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. शेतमजुराने तर काही द्यायचेच नव्हते. उलट शेताचे कोपरे न कापता ठेवायचे आणि पडलेली कणसे त्याला वेचू द्यायची. आपण त्याला सरवा म्हणतो. मोआब देशातली परकी विधवा रूथ सरवा वेचूनच जगली. थोडक्यात, जमीन असणाऱ्याने द्यायचे आणि जमीन नसणाऱ्याने घ्यायचे, हे या व्यवस्थेचे सूत्र होते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिर गेले, तसा लेव्यांचा कामधंदाही गेला. मग हे बलुते कोणाचे?

दशमांश आजही लागू आहे असे मानणारे तीन आधार देतात. पहिला अब्राहामाचा. त्याने मलकीसदेक नावाच्या याजक-राजाला दहावा भाग दिला तेव्हा मोशेचे नियमशास्त्र आलेलेही नव्हते, म्हणून ते रद्द झाले तरी दशमांश उरतो. दुसरा आधार मलाखी संदेष्ट्याचा. देवाला लुबाडल्याचा आरोप त्याच्याच पुस्तकात आहे, आणि गुरुजींनी ऐकलेल्या प्रवचनाचे मूळही तेच. तिसरा आधार खुद्द येशूचा. पुदिना-जिऱ्याचा दशमांश काटेकोर देणाऱ्या परूश्यांना तो न्याय आणि दया यांची आठवण देतो, पण दशमांश सोडा असे म्हणत नाही.

उलट बाजूचे उत्तरही वजनदार आहे. अब्राहामाने दिला तो लढाईतल्या लुटीचा भाग. त्याने दरसाल काही दिल्याचे बायबल सांगत नाही. मलाखी बोलतो ते मंदिराच्या कोठाराबद्दल, आणि त्याच्या रागाचा मोठा भाग भ्रष्ट याजकांवर आहे. येशू परूश्यांशी बोलला तेव्हा मंदिर उभे होते आणि नियमशास्त्र चालू होते. पुढे यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती होऊ लागले तेव्हा त्यांच्यावर कोणते नियम लादायचे, यासाठी प्रेषितांची यरुशलेमात बैठक झाली. त्यांनी ठरवलेल्या मोजक्या अटींत दशमांश नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला वर्गणी मागितली, पण हिस्सा ठरवून दिला नाही. ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे, मनात ठरवून, कुरकुर न करता द्यावे, असा त्याचा आशय आहे.

मग दशमांश सक्तीचा झाला कसा? तो सक्तीचा केला राजांनी आणि धर्मसभांनी. ५८५ साली फ्रान्समधल्या माकों येथील धर्मसभेने तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. ७७९ साली शार्लमेन बादशहाने तो राज्याचा कायदा केला. त्यानंतर हजारएक वर्षे युरोपातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर चर्चचा माणूस उभा राहिला. सरदेशमुखीची आठवण यावी असाच तो प्रकार. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने १७८९ च्या ऑगस्टमध्येच तो रद्द ठरवला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांना प्रॉटेस्टंट चर्चसाठी दशमांश भरावा लागे. त्यावरून १८३० नंतर तिथे रक्त सांडले. इंग्लंडने १८३६ साली धान्याऐवजी रोख रक्कम घेण्याचा कायदा केला आणि पुढे तोही मोडीत निघाला. आज कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे कर्तव्य म्हटले आहे, पण दहा टक्क्यांचा आकडा घातलेला नाही.

आता हा इतिहास आपल्या अंगणात आणू. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. ही माणसे आली बोस्टनच्या परिसरातून, मॅसॅच्युसेट्स राज्यातून. गंमत अशी, की त्या राज्यात पाळकाच्या पगारासाठी कर घेतला जाई आणि तो कर १८३३ साली कायमचा बंद झाला. म्हणजे कराशिवाय, लोकांच्या खुशीवर चर्च कसे चालवायचे, हे त्यांच्या घरचे लोक नुकतेच शिकत होते.

नगरकडे ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार आणि मांग समाजाचा होता. ही माणसे स्वतः बलुत्यावर जगणारी. त्यांच्या नावे बागायत नव्हती, कोठार नव्हते. शाळामास्तर आणि प्रचारक यांचे पगार समुद्रापलीकडच्या पैशातून होत. १८५४ साली बोस्टनहून मिशनचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला निघाले. त्यांचे म्हणणे असे, की इथल्या मंडळ्यांनी इथलेच पाळक नेमावेत आणि त्यांना आपणच पोसावे. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास. विचार रास्त होता, कारण पगार ज्याचा त्याचा हुकूम चालतो. पण ज्याला गावकीत भाकरीचे तुकडे मिळतात त्याने दहावा हिस्सा कशातून काढायचा? मोशेच्या व्यवस्थेत हा माणूस घेणाऱ्यांच्या रांगेत उभा होता. इथे तो देणाऱ्यांच्या रांगेत आला. माझ्या मते हिंदुस्थानातल्या दशमांशाचा खरा पेच हा आहे.

हा पेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नीट कळला होता. आपल्याला ते कवी म्हणून ठाऊक आहेत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या कोवळ्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हेच बालकवी पुढे नगरला टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. परक्या पैशावर चालणारा धर्म लोकांना परका वाटतो, ही त्यांची खंत होती. तीव्र निर्णय होता तो. दोनच वर्षांत ते गेले. पण पैसा कुठून येतो यावर धर्माची चव ठरते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या खानदेशातही मिशने आली. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव इथे अलायन्स मिशन आणि पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. परदेशी मिशनरी केव्हाच परतले, मंडळ्या राहिल्या. आज पाळकाची चूल, देवळाचे छप्पर आणि दिव्याचे बिल मंडळीच्याच पैशावर चालते. ज्यांना फक्त सक्तीची टीका करायची असते ते हे विसरतात. गावातला पाळक रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी बसतो. मशिदीच्या इमामासारखाच त्याचाही पगार तुटपुंजा असतो. लोकांनी दिले नाही तर त्याची मुले शिकणार कशी?

पण देण्याच्या रीती एकापेक्षा जास्त आहेत. मराठी मंडळ्यांत सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण होतो. कुणी ज्वारीची पायली आणतो, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. मग लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा हसतखेळत शंभराला जातो. मिझोरामच्या बायकांनी गेली शंभरावर वर्षे याहून साधी रीत चालवली आहे. रोज स्वयंपाकाला घेतलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची. त्या मुठीवर तिथले चर्च मोठे झाले. मूठ लहान असो की मोठी, ती ज्याची त्याची असते. तिचे टक्के कुणी काढत नाही.

आणि खुशीच्या देण्याचा वारसा तर धुळ्याच्या मातीतच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच विनोबांनी १९५१ नंतर गावोगाव पायी फिरून जमिनीचा सहावा हिस्सा मागितला. दहावा नव्हे, सहावा! पण त्यांनी तो जमीन असणाऱ्याकडे मागितला, भूमिहीनासाठी मागितला, आणि मागताना कायद्याचा धाक दाखवला नाही. सगळ्यांनी दिला नाही, दिलेली सगळी जमीन चांगलीही नव्हती. तरी मागण्याची दिशा बरोबर होती.

गुरुजींना मी जे सांगितले ते आता तुम्हालाही सांगतो. मी धर्मपंडित नाही, एक वाचणारा माणूस आहे. नव्या करारात ख्रिस्ती माणसावर दहा टक्क्यांची सक्ती मला सापडली नाही. हजार वर्षे जी सक्ती झाली ती राजदंडाची होती. कुणी आपणहोऊन दहावा भाग वेगळा काढत असेल तर ती सुंदर शिस्त आहे, आणि ज्याचे उत्पन्न मोठे आहे त्याने दहावर थांबावे असेही कुठे लिहिलेले नाही. पण औषधाच्या पैशातून दशमांश न निघाल्यास म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणणे हे त्या जुन्या नियमालाही धरून नाही. त्या नियमाने विधवेच्या घरी दशमांश मागायला माणूस पाठवला नव्हता, तिला दशमांशाच्या पंगतीला बोलावले होते.

गुरुजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे लिफाफा बंद करू?” मी म्हटले, “बंद कशाला? जमेल ते घाला. फक्त वर्षाअखेरीस मंडळीच्या हिशेबाच्या बैठकीला जा आणि विचारा, यातले विधवेच्या, अनाथाच्या आणि परक्याच्या ताटात किती पडले?”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)