मखमली कोटातला छोटा साहेब

आजची गोष्ट माझ्या आत्याच्या लॉनवर सुरू होते आणि एका राजाच्या मरणापर्यंत जाते. वाटेत कोकणातलं एक झाडही लागतं. हेडफोन लावा, चला.

माझी आत्या मूळची राजापूरकडची, गेली तीस वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते. एका फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले होते. सकाळी तिनं पडदा सरकवला आणि ओरडलीच, "अगं, उकीर काढलाय बघ!" लॉनवर काळ्या मातीचे अकरा ढिगारे. आपल्याकडे हे काम उंदरांचं, घुशीचं. तिथे ते मोलचं.

मोलला मराठीत नाव नाही, कारण महाराष्ट्रात तो नाहीच. भारतात त्याचे भाऊबंद पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतात, तेवढेच. काही जण त्याला चिचुंद्री म्हणतात, पण चिचुंद्री वेगळी. मोल वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास, काळाभोर. पंजे फावड्यासारखे, तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले. तो एकटा राहतो, गांडुळं खातो आणि उरलेली साठवून ठेवतो. कशी, तर त्यांच्या डोक्याकडे चावून. गांडूळ मरत नाही, पण पळूही शकत नाही. ताजं राहतं. जमिनीखालचा फ्रीजच!

आता राजा. तिसरा विल्यम हा डच माणूस. १६८८ मध्ये सासऱ्याला, म्हणजे दुसऱ्या जेम्सला, हुसकावून तो इंग्लंडच्या गादीवर आला. फेब्रुवारी १७०२ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या मैदानात त्याचा घोडा अडखळला. मोलच्या ढिगाऱ्यावर पाय पडला, असं सांगतात. राजाचं गळपट्टीचं हाड मोडलं, पुढे ताप चढला आणि ८ मार्चला वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. जेम्सच्या पक्षाच्या लोकांना काय आनंद! दारूचे पेले उंचावून ते म्हणायचे, काळ्या मखमली कोटातल्या छोट्या साहेबाच्या नावानं! उघड बोलणं धोक्याचं, म्हणून हा आडपडदा. नेमके त्याच दिवसांत इकडे औरंगजेब विशाळगडाला वेढा घालून बसला होता. आपल्या दंतकथांमध्ये गड चढवणारी घोरपड आहे, त्यांच्याकडे राजा पाडणारा मोल.

पण मोलशी इंग्रजांचं वैर त्याहून जुनं. १५६६ मध्ये, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, धान्य वाचवण्यासाठी एक कायदा झाला. उपद्रवी प्राणी मारून मुंडकी आणून द्या आणि गावच्या चर्चकडून पैसे घ्या. बारा उंदरांच्या मुंडक्यांना एक पेनी. एका मोलला अर्धा पेनी. मोलचं मोल अर्धा पेनी! (सॉरी, राहवलं नाही.) म्हणजे सहा उंदीर बरोबर एक मोल. यातून मोल पकडणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. गावं त्यांच्याशी वर्षांचे करार करायची. मारलेले मोल तो माणूस कुंपणावर ओळीनं टांगून ठेवायचा. मालकानं मोजायचे आणि पैसे द्यायचे. भयंकर दिसतं, पण ते त्याचं बिल होतं.

त्यांचा जुना सापळा मला फार आवडला. लाकडाची किंवा भाजलेल्या मातीची एक नळी, आत घोड्याच्या केसांचा फास. फासाची दोरी जमिनीवर रोवून वाकवलेल्या लवचिक काठीला बांधलेली. ती काठी एका छोट्या खुंटीनं अडकवून धरलेली. बिळातून येणारा मोल वाटेतली खुंटी ढकलतो, काठी उसळते, फास आवळतो. पुढे लोखंडी सापळे आले, तरी कसब तेच राहिलं. सापळा ढिगाऱ्यात लावायचा नाही, कारण ढिगारा म्हणजे नुसता फेकलेला राडारोडा. मोलचा रोजचा रस्ता दोन ढिगाऱ्यांच्या मध्ये, जमिनीखाली असतो. तो शोधता आला पाहिजे.

कातड्याचीही गोष्ट आहे. मोलच्या केसांना उलटसुलट दिशा नसते. पुढे हात फिरवा, मागे फिरवा, मखमलच. त्याच्या बंड्या शिवल्या गेल्या, आणि शिशाच्या पाइपांचे जोड पुसायला प्लंबरही ते कातडं वापरायचे.

मग लॉन. आधी गवत विळ्या-कोयत्यांनी कापावं लागायचं, म्हणून गुळगुळीत हिरवळ फक्त ज्यांच्याकडे माणसं त्यांच्याकडे. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगनं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना त्याला कापडगिरणीतल्या यंत्रावरून सुचली. हळूहळू मध्यमवर्गाच्या घरामागेही लॉन आलं. शेतकऱ्याची तक्रार खरी होती, चाऱ्यात माती जाते, यंत्राची पाती मोडतात. लॉनवाल्याची तक्रार एकच: दिसायला वाईट दिसतं.

आणि इथे कोकण येतं. विसाव्या शतकात सापळ्याचा कंटाळा आला, तेव्हा लोकांनी गांडुळं स्ट्रिक्निनमध्ये बुडवून बिळात टाकायला सुरुवात केली. स्ट्रिक्निन म्हणजे काजऱ्याच्या बियांतलं विष. हे मी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "आमच्या परड्यामागं होता की काजरा! आजी त्याच्याकडं फिरकू द्यायची नाही." हिंदुस्थानातून त्या बिया विलायतेला जायच्याच. या विषानं सगळे स्नायू ताठ होतात, झटके येतात आणि शेवटी श्वास थांबतो. शुद्ध मात्र जात नाही.

हे फार क्रूर आहे, हे संसदेलाही पटलं. १९६२ मध्ये क्रूर विषांविरुद्ध कायदा झाला आणि १९६३ च्या नियमांनी सस्तन प्राण्यांसाठी स्ट्रिक्निन बंद केलं. अपवाद एकच. मोल! त्याआधी १९५८ मध्ये सापळ्यांच्या बाबतीतही असंच झालं होतं. इतर बहुतेक स्प्रिंगच्या सापळ्यांना सरकारी मान्यता लागते, मोलच्या सापळ्याला सूट. मला वाटतं, कारण साधं आहे. कोल्हा मरताना दिसतो, ससा ओरडतो. मोल जमिनीखाली मरतो, वर लॉन तसंच हिरवं.

स्ट्रिक्निनची ही सूट थेट सप्टेंबर २००६ मध्ये संपली. विष गेलं आणि संपत आलेला सापळेवाला परत आला.

आत्यानं असाच एक म्हातारा बोलावला. मोल सापडला तरच पैसे, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचाच हिशोब. तो काठीनं जमीन टोचत टोचत चालला. एके ठिकाणी काठी एकदम आत गेली. तिथे खाली बसून त्यानं दोन सापळे लावले. दुसऱ्या दिवशी एक मिटलेला होता.

त्यानं मोल माझ्या तळहातावर ठेवला. मी केसांवरून पुढे बोट फिरवलं, मागे फिरवलं. पंजे गुलाबी होते, माणसाच्या बाळाच्या हातासारखे. आत्या जवळ आली, बघितलं आणि आत निघून गेली. पैसे मीच दिले. जाताना म्हातारा म्हणाला, बिळं रिकामी राहणार नाहीत, दुसरा येईल.

एप्रिलमध्ये आत्याचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा लॉनकडे. नवे सात ढिगारे.

"बोलावलंस त्याला?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात खुरपं. "माती बघ कसली भुसभुशीत आहे. खडा नाही एक." आणि एक अख्खा ढिगारा उचलून तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला.