श्वासाचे पहारेकरी



प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. सुमारे ११ टीएमसी पाण्याचा हा साठा मोजून सोडावा लागतो, आणि पावसाने तो पुन्हा भरावा लागतो. ज्या घरातले मूल यंत्राच्या आधाराने श्वास घेते, त्या घरातील आईबापांच्या शक्तीचेही असेच आहे. फरक इतकाच, की तो साठा कोणी मोजत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९२८ साली बोस्टनमध्ये ड्रिंकर व शॉ यांचे ‘लोखंडी फुप्फुस’ प्रथम वापरले गेले. पेटी रुग्णालयात, मूल पेटीत आणि आईबाप भेटीच्या वेळेपुरते पाहुणे, अशी तेव्हाची स्थिती होती. पुढे १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. यंत्रे मोजकीच होती. तेव्हा डॉ. इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी बसवण्याचा व रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखवला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने या पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

यातला ‘पाळी’ हा शब्द विसरू नका. एकाचा श्वास चालवायला अनेक हात लागले आणि प्रत्येक हाताला विश्रांती होती. पुढे यंत्र लहान झाले, मूल घरी आले; पण पाळी मात्र रुग्णालयातच राहिली. घरी कफ ओढणे, नळी स्वच्छ ठेवणे, यंत्राची घंटा वाजताच मध्यरात्री उठणे, हे सारे दोन माणसांवर आले, आणि बहुधा एकट्या आईवर.

अमेरिकेत केटी बेकेट नावाच्या बालिकेच्या रुग्णालयाचा खर्च सरकार देई, घरचा देत नसे. आई ज्यूली हिने हा प्रश्न लावून धरला. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांनी त्यात लक्ष घातले, नियम शिथिल झाला व केटी घरी आली. आपल्याकडे मुलीला पोलिओ झालेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. आईच्या दुःखातून संस्था उभी राहते, हे खरे. पण प्रत्येक आईने संस्था उभारावी, अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे.

भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीज होते. परंतु पावसाळ्यात डोंगरातील एखाद्या वाडीची तार तुटली, तर यंत्र बॅटरीवर काही तास चालेल. पुढे पुन्हा तीच हातची पिशवी! त्या वेळी आई तीन रात्रींची जागी असेल, तर तिच्या हातावर किती भरवसा ठेवावा? आईबापांची झोप ही म्हणूनच चैन नव्हे. ती मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

‘आई कधी थकत नाही,’ असे आपण मोठ्या भक्तीने म्हणतो. वास्तविक हे वाक्य आपल्या अंगावरची जबाबदारी झटकण्याची सोय आहे. आई थकते, बापही थकतो, फक्त बोलत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्याचा पाठपुरावा अवश्य करावा. पण तेवढ्याने रात्रीची झोप मिळत नाही. आप्तांपैकी वा शेजाऱ्यांपैकी दोघांनी डॉक्टर-परिचारिकांकडून पिशवी व नळीचे काम नीट शिकून घ्यावे, आणि आठवड्यातून एक रात्र त्या घरची पाळी उचलावी.

भरलेल्या धरणाचे कौतुक करायला सारेच येतात. ते आटू नये याची काळजी वाहणारी माणसे थोडी असतात. आपण त्या थोड्यांत असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.